राहून गेलेला कॅरिओटाइप: स्थानांतर प्रकारच्या डाउन सिंड्रोमचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावातल्या कुटुंबाचे आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, व्यवसाय आणि घरगुती तपशील बदलले आहेत. यात एकाच घराच्या तीन पिढ्या येतात आणि वाचताना गोंधळ होण्याची शक्यता असल्याने सर्व नाती डाउन सिंड्रोम (२१ क्रमांकाच्या गुणसूत्राची जास्तीची प्रत असल्याने होणारी जन्मजात अवस्था) असलेल्या मुलीच्या बाजूने लिहिली आहेत; वडिलांच्या आईला ‘आजी’ आणि आईच्या आईला ‘आजोळची आजी’ म्हटले आहे.

मुलीच्या जन्मावेळी आईचे वय २३ आणि वडिलांचे २८ होते. लग्न नात्यातले नव्हते. गर्भारपणाची नोंद तिसऱ्या महिन्यात झाली, लोहाच्या गोळ्या आणि धनुर्वाताची इंजेक्शने वेळेवर मिळाली. रक्तावरून डाउन सिंड्रोमची शक्यता वर्तवणारी मार्कर तपासणी मात्र झाली नाही, कारण ‘वय कमी आहे, गरज नाही’ असे सांगण्यात आले. हे उत्तर फार सहज दिले जाते. वयानुसार जोखीम वाढते हे खरेच आहे. पंचविशीच्या आसपास ती साधारण साडेबाराशेत एक, पस्तिशीला साडेतीनशेत एक आणि चाळिशीला शंभरात एक इतकी असते. पण मुळात बहुतेक बाळंतपणे तरुण वयात होत असल्याने डाउन सिंड्रोम असलेली निम्म्याहून अधिक मुले पस्तिशीच्या आतल्या आयांच्याच पोटी जन्मतात.

एकोणिसाव्या आठवड्यातील सोनोग्राफीच्या अहवालात व्यंग दिसत नसल्याचे लिहिले होते, मात्र त्याच पानावर खाली ‘बाळाच्या स्थितीमुळे हृदयाचे चार कप्पे नीट दिसले नाहीत’ अशी एक ओळ होती. त्या ओळीवरून पुढे काही झाले नाही.

पहिले निदान आणि त्यात राहिलेली उणीव

मुलगी पूर्ण दिवसांची आणि अडीच किलो वजनाची जन्मली. दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांनी तपासले तेव्हा तिचे अंग सैल होते, डोळ्यांचे बाहेरचे कोपरे वर गेलेले होते, नाकाचा वरचा भाग चपटा होता, एका तळहातावर एकच आडवी रेघ होती आणि पायाचा अंगठा व शेजारचे बोट यांत रुंद फट होती. यातले एकेक लक्षण डाउन सिंड्रोम नसलेल्या बाळातही सापडते, पण सगळी एकत्र दिसल्यावर अनुभवी डॉक्टरला फारशी शंका उरत नाही. त्यांनी दोन गोष्टी तत्परतेने केल्या. हृदयात कुरकुर (ठोक्यांसोबतचा जास्तीचा आवाज) ऐकू येत नसतानाही टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेतला आणि निदानाची खातरजमा करण्यासाठी बाळाचे रक्त क्यूएफ-पीसीआर या जलद डीएनए चाचणीसाठी पाठवले.

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना जन्मतः हृदयदोष असतो आणि तो कानाला ऐकू येईलच असे नाही, म्हणून कुरकुर नसतानाही केलेला इको हा या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय ठरला. हृदयाचे वरचे आणि खालचे कप्पे जिथे वेगळे होतात तिथेच मोठे छिद्र होते, आणि दोन स्वतंत्र झडपांच्या जागी एकच सामाईक झडप होती. हा दोष वेळेत दुरुस्त केला नाही तर फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांवरचा दाब कायमचा वाढतो, त्यामुळे शस्त्रक्रिया साधारण सहा महिन्यांच्या आत व्हावी लागते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे नोंद झाली, जिल्हा रुग्णालयातून कागद पुढे गेले आणि पाचव्या महिन्यात शस्त्रक्रिया होऊन ती यशस्वी झाली.

दरम्यान जलद चाचणीचा अहवाल आला होता. त्यात २१ क्रमांकाच्या गुणसूत्राच्या तीन प्रती असल्याचे स्पष्ट लिहिले होते. त्यानंतरच्या प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर ‘डाउन सिंड्रोम, पुष्टी झालेली’ अशी नोंद होत गेली. पुष्टी झाल्याचा शिक्का एकदा बसला की पुढचा डॉक्टर तो प्रश्न पुन्हा उघडत नाही. या मुलीच्या बाबतीत शस्त्रक्रियेची धावपळ, वजन वाढवण्याची काळजी, वर्षाच्या आत सुरू करावी लागलेली थायरॉइडची गोळी आणि कानात साचणारे पाणी यांत दोन वर्षे गेली. निदान योग्य होते आणि उपचारही योग्य होते. तिसरी प्रत आली कुठून, हे मात्र कोणी पाहिले नाही.

अडचण

मुलगी अडीच वर्षांची असताना आई पुन्हा गर्भवती राहिली. नवव्या आठवड्यात ती आणि वडील आनुवंशिकता समुपदेशनासाठी आले ते एकच प्रश्न घेऊन: दुसऱ्या बाळालाही हे होईल का? गावातील एका डॉक्टरांनी ‘असे क्वचितच पुन्हा होते’ असे सांगितले होते. आजीने देवाला नवस बोलला होता. वडिलांनी मोबाइलवर वाचून रक्तावरून होणाऱ्या एनआयपीटी चाचणीचे नाव कागदावर लिहून आणले होते, आणि तीच चाचणी करून मोकळे व्हावे असे त्यांना वाटत होते.

या प्रश्नाचे उत्तर मुलीला डाउन सिंड्रोम आहे एवढ्यावरून देता येत नाही. तो कोणत्या प्रकारचा आहे यावर ते अवलंबून असते. त्यामुळे आधी गुणसूत्रांचा विचार करावा लागला.

तीन प्रकार आणि त्यांतील फरक

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, म्हणजे २३ जोड्या, ही संख्या १९५६ मध्ये त्यो आणि लेवान यांनी निश्चित केली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५९ मध्ये, फ्रान्समध्ये लेज्यून, गोतिए आणि त्युर्पां यांनी डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत ४७ गुणसूत्रे असल्याचे आणि जास्तीचे गुणसूत्र २१ क्रमांकाचे असल्याचे प्रसिद्ध केले. २१ हे सर्वांत छोटे गुणसूत्र आहे, तरीही त्यावर प्रथिने घडवणारी दोनशेहून अधिक जनुके आहेत, आणि त्यांचे प्रमाण दीडपट झाल्याने शरीराच्या घडणीत व मेंदूच्या विकासात फरक पडतो.

साधारण ९५ टक्के मुलांत हे तिसरे गुणसूत्र सुटे असते. बहुतेक वेळा आईच्या बीजांडात, अर्धगुणसूत्री विभाजनाच्या (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या विभाजनाच्या) वेळी, २१ ची जोडी वेगळी न होता एकत्रच राहते आणि बाळाला तीन प्रती मिळतात. ही घटना त्या एका बीजांडापुरती असते. आईवडिलांची गुणसूत्रे सामान्य असतात आणि पुढच्या खेपेला पुन्हा तसे होण्याची शक्यता साधारण शंभरात एक धरली जाते. एक ते दोन टक्के मुलांत काही पेशींत ४६ आणि काही पेशींत ४७ गुणसूत्रे असतात. त्याला मिश्र प्रकार म्हणतात.

उरलेले तीन ते चार टक्के स्थानांतर प्रकारात मोडतात, आणि आई तरुण असेल तर हे प्रमाण काहीसे अधिक असते. १३, १४, १५, २१ आणि २२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांची एक भुजा अगदी आखूड असते. अशा दोन गुणसूत्रांच्या लांब भुजा कधी कधी एकमेकींना जोडल्या जातात आणि आखूड भुजा गळून जातात. आखूड भुजांवरची जनुके इतर गुणसूत्रांवरही असल्याने त्या गेल्याने काही बिघडत नाही. समजा १४ आणि २१ जोडली गेली, तर त्या व्यक्तीची गुणसूत्रे मोजताना ४५ भरतात, पण ती पूर्ण निरोगी असते. दोन पुस्तके एकाच बांधणीत शिवली तर कपाटात एक पुस्तक कमी दिसते, पाने मात्र तेवढीच असतात. अशा प्रकारचे कोणते ना कोणते जोड असलेली माणसे समाजात साधारण हजारात एक आढळतात आणि बहुतेकांना ते आयुष्यभर कळतही नाही.

अडचण येते ती अपत्याच्या वेळी. जोडगुणसूत्र आणि त्याखेरीज एक सुटे २१ असे दोन्ही एकाच बीजांडात गेले आणि त्यात वडिलांकडचे २१ मिळाले, की बाळात २१ चा मजकूर तीनदा येतो. अशा बाळाची गुणसूत्रे मोजली तर ४६ भरतात. अशा मुलीची नोंद लंडनमध्ये पोलानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्येच केली होती. जलद डीएनए चाचणी प्रती मोजते, पण तिसरी प्रत सुटी आहे की दुसऱ्या गुणसूत्राला जोडलेली आहे हे तिला दिसत नाही. ते दिसण्यासाठी कॅरिओटाइप लागतो. त्यात रक्तातील पांढऱ्या पेशी साधारण तीन दिवस वाढवून, विभाजनाच्या मधल्या टप्प्यावर थांबवून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे प्रत्यक्ष पाहिली जातात.

म्हणजे या कुटुंबाची जोखीम शंभरात एक असू शकत होती किंवा शंभरात दहा ते पंधरा. आई वाहक, म्हणजे स्वतः निरोगी पण असा जोड असलेली, असेल तर १४ आणि २१ च्या जोडासाठी दुसरा आकडा लागू होतो. वडील वाहक असतील तर जोखीम शंभरात एकाच्या आसपासच राहते. २१ ला २१ च जोडलेले असेल, तर जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला डाउन सिंड्रोम असतो. ‘क्वचितच पुन्हा होते’ या वाक्यात यातले काहीच मावत नाही.

पहिला निर्णय: रक्त कोणाचे घ्यायचे

पुस्तकी क्रम असा की आधी मुलीचा कॅरिओटाइप करावा. तिसरे गुणसूत्र सुटे निघाले तर आईवडिलांच्या तपासणीची गरज उरत नाही. त्यात खर्च वाचतो. कुटुंबाला एका तपासणीला साडेतीन हजार रुपये सांगितले होते, आणि विजेच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या घरात तीन तपासण्यांचा खर्च जाणवणारा असतो. पण अहवाल यायला दोन ते तीन आठवडे लागतात, आणि मुलीचा अहवाल येईपर्यंत थांबून मग आईवडिलांचे रक्त पाठवले असते तर गर्भारपणाचा पंधरावा आठवडा उजाडला असता. वेळेचा हिशेब मांडून दाखवल्यावर वडिलांनी तिघांचेही रक्त एकाच वेळी द्यायचे ठरवले.

त्याच भेटीत कुटुंबाचा इतिहास पुन्हा विचारला. मुलीच्या जन्माच्या वेळी भरलेल्या फॉर्मवर ‘घराण्यात असा आजार, गर्भपात, बालमृत्यू’ या तिन्ही रकान्यांपुढे ‘नाही’ असे लिहिलेले होते. तो फॉर्म वॉर्डात, आजीच्या समोर, वडिलांनी भरला होता. या वेळी वडील रक्त द्यायला गेले असताना आईला एकटीला विचारले, तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “आमच्या आईचे दोन वेळा गर्भपात झाले होते. आणि माझ्या पाठीवर एक भाऊ झाला होता, तो तीन महिन्यांचा असताना गेला. फार अशक्त होता, दूध ओढायचा नाही. सासरी हे कोणाला माहीत नाही.” मामीचेही गेल्या दोन वर्षांत दोन गर्भपात झाले होते. वंशावळीच्या कागदावर ही पाच चिन्हे काढल्यावर स्थानांतराची शंका बरीच बळावली.

येथे एक अनपेक्षित अडथळा आला. मुलीचे रक्त जांभळ्या बुचाच्या नळीत गोळा झाले होते. त्या नळीतील रसायन डीएनए चाचणीला चालते, पण पेशी जिवंत ठेवून वाढवायच्या असतील तर हेपॅरिन असलेली हिरव्या बुचाची नळी लागते. प्रयोगशाळेने नमुना नाकारला, मुलीला पुन्हा टोचावे लागले आणि एक आठवडा गेला.

अहवाल आणि घरातली बैठक

तेराव्या आठवड्याच्या शेवटी तिन्ही अहवाल हाती आले. वडिलांचा सामान्य होता. आईच्या अहवालावर ‘४५, एक्सएक्स, डेर(१४;२१)’ असे होते, आणि मुलीच्या अहवालावर ‘४६, एक्सएक्स, डेर(१४;२१), +२१’. यात ‘एक्सएक्स’ म्हणजे स्त्री आणि ‘डेर(१४;२१)’ म्हणजे १४ व २१ चे जोडगुणसूत्र. आई वाहक होती.

अहवाल मोबाइलवर आला होता आणि समुपदेशनाच्या आधीच तो घरात फिरला. काकांनी मुलीच्या नावापुढे ४६ आणि आईच्या नावापुढे ४५ पाहून निष्कर्ष काढला की मुलगी ठीक आहे आणि दोष सुनेत आहे. दुसऱ्या दिवशी आजीही सोबत आल्या त्या याच समजुतीने. आईने विचारलेला पहिला प्रश्न असा होता: “माझ्यात एक कमी आहे, तर मी डी.एड. कशी झाले?”

या बैठकीत आकड्यांपेक्षा चित्रांचा उपयोग अधिक झाला. अहवालासोबत गुणसूत्रांचा फोटो असतो. त्यात आईची जोडलेली लांब आकृती आणि तिच्याशेजारी एकच १४ व एकच २१ स्पष्ट दिसत होते. कागदाच्या पट्ट्या कापून आजींच्या हातात दिल्या आणि त्यांनाच जोडून पाहायला सांगितले. आईकडून बाळाला काय काय जाऊ शकते याच्या सहा शक्यता त्यांनी मांडल्या, त्यांपैकी तीन शक्यतांत गर्भ टिकत नाही, हे सांगितल्यावर त्या स्वतःच म्हणाल्या, “म्हणजे विहीणबाईंचे दोन वेळा गेले ते हेच असेल.” तसे असू शकते, पण खात्रीने सांगता येत नाही, एवढेच उत्तर दिले. विहीणबाईंचे गर्भपात सासरी कळू देण्याची परवानगी आईने बैठकीआधी दिली होती. ती घेतली नसती तर हा विषय काढता आला नसता.

दोषाचा प्रश्न टाळला नाही. असा जोड कोणाच्या वागण्याने, खाण्याने किंवा ग्रहणाने होत नाही, तो बहुधा आजोळच्या आजीकडून आला असावा आणि त्यांच्याकडेही तो कुठून तरी आलेला असणार, हे सरळ सांगितले. आजी यावर काही बोलल्या नाहीत. त्यांचे मत त्या दिवशी बदलले असे म्हणता येणार नाही.

गर्भारपणातील पर्याय

आता जोखीम शंभरात दहा ते पंधरा होती. म्हणजेच डाउन सिंड्रोम नसण्याची शक्यता शंभरात पंच्याऐंशीहून कमी नव्हती. हे दोन्ही आकडे एकत्र सांगितले, कारण एकच सांगितला की ऐकणाऱ्याचा कल त्या बाजूला झुकतो.

पहिला पर्याय कोणतीही तपासणी न करता गर्भारपण पुढे नेण्याचा होता. तो नाकारण्यासारखा नाही. आईने सुरुवातीलाच सांगितले होते की आहे त्या मुलीसारखी दुसरी आली तरी ती तिला नको म्हणणार नाही. बाळाचे हृदय विसाव्या आठवड्याच्या आसपास गर्भातच इकोने पाहता आले असते आणि प्रसूती कुठे करायची हे त्यावरून ठरवता आले असते.

दुसरा पर्याय वडिलांनी लिहून आणलेला एनआयपीटी. आईच्या रक्तात तरंगणारे वारेचे डीएनए मोजून २१ चे प्रमाण जास्त आहे का हे त्यात कळते, आणि तिसरी प्रत जोडलेली असली तरी ती पकडली जाते. गर्भाला सुईचा धोका नाही, हा मोठा फायदा. मात्र ही छाननी आहे, निदान नाही. जोखीम जास्त असल्याचे उत्तर आले तर गर्भजल तपासणी (सुईने गर्भाभोवतीचे पाणी काढून केलेली तपासणी) करावीच लागते. बाळ आईसारखे वाहक आहे का हेही त्यातून कळत नाही. खर्चही कॅरिओटाइपच्या काही पट असतो.

तिसरा पर्याय वारेचा तुकडा घेऊन तपासण्याचा. त्यासाठी अकरावा ते तेरावा आठवडा योग्य असतो. तेरावा आठवडा संपत आला होता, सोय फक्त मोठ्या शहरात होती आणि लगेच वेळ मिळाली नाही. नळीच्या चुकीत गेलेला आठवडा येथे भोवला.

चौथा पर्याय सोळाव्या आठवड्यापासून पुढे गर्भजल तपासणीचा. अनुभवी हातांत त्यामुळे गर्भपात होण्याचा धोका अर्ध्या टक्क्याहून कमी असतो, आणि उत्तर निश्चित मिळते. ज्या जलद चाचणीने मुलीच्या वेळी प्रश्न अर्धवट सोडवला होता तीच आता उपयोगी होती, कारण आईचा जोड माहीत झाल्यावर गर्भात २१ च्या प्रती दोन की तीन एवढेच आधी जाणून घ्यायचे होते, आणि ते दोन-तीन दिवसांत कळते.

कायद्याची बाजूही याच वेळी समजावली. गर्भलिंग निवड प्रतिबंधक कायद्याखाली नोंदणी असलेल्या केंद्रातच ही तपासणी होते, गर्भवतीला समजणाऱ्या भाषेत लेखी संमती घ्यावी लागते आणि गर्भाचे लिंग कोणत्याही प्रकारे सांगता येत नाही. गर्भाच्या कॅरिओटाइपच्या अहवालात लिंग-गुणसूत्रे लिहिलेली नसतात ती यामुळेच. गर्भपाताच्या कायद्यातील २०२१ च्या सुधारणेनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, ठरावीक गटांतील स्त्रियांना २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने मुभा आहे, आणि त्यानंतर गर्भातील गंभीर व्यंगासाठी वैद्यकीय मंडळाकडे जावे लागते. तपासणी केली म्हणजे गर्भपात करावाच लागतो, असा आईचा समज होता. तो दूर झाल्यावर तिने तपासणीचा विचार मोकळेपणाने केला.

काय केले

दोघांनी चार दिवस मागून घेतले. वडिलांना उत्तर हवे होते. आईचे म्हणणे वेगळे होते: “ऑपरेशन लागणार असेल तर ते आधी कळायला हवे. मागच्या वेळी सगळे एकदम अंगावर आले.” कारणे निरनिराळी असली तरी दोघे गर्भजल तपासणीवर एकत्र आले. उत्तर प्रतिकूल आल्यास काय करायचे, यावर त्यांचे एकमत झाले नव्हते, आणि ते आधीच व्हावे असा आग्रह धरला नाही. काही समुपदेशक तो आग्रह धरतात. माझ्या मते हातात अहवाल नसताना दिलेले उत्तर पुढे पाळावेच लागेल अशी सक्ती त्यातून उगाच तयार होते.

सोळाव्या आठवड्यात तपासणी झाली. तिसऱ्या दिवशी जलद चाचणीत २१ च्या दोनच प्रती असल्याचे कळले. पूर्ण कॅरिओटाइप अठराव्या आठवड्याच्या अखेरीस आला: ४५ गुणसूत्रे, आईसारखाच जोड. बाळ वाहक होते. अशा वेळी आणखी एक दुर्मीळ शक्यता पाहावी लागते. १४ क्रमांकाच्या गुणसूत्राच्या दोन्ही प्रती एकाच पालकाकडून आल्या असतील तर, संख्या बरोबर असूनही, बाळाच्या वाढीवर परिणाम होतो. त्यासाठी आईवडील आणि गर्भ यांच्या डीएनएची तुलना केली. एक प्रत आईची आणि एक वडिलांची असल्याचे दिसले. विसाव्या आठवड्यात गर्भाच्या हृदयाचा इको झाला आणि चारही कप्पे या वेळी नीट दिसले.

आजोळची माणसे

आजोळच्या आजी, मामा आणि बावीस वर्षांची मावशी यांच्याकडे हा जोड असण्याची शक्यता होती. रुग्णाच्या संमतीशिवाय नातेवाइकांशी परस्पर संपर्क साधता येत नाही, म्हणून आईच्या हाती मराठीत लिहिलेले एक पत्र दिले. त्यात कोणत्या प्रकारचा जोड आहे, कोणती तपासणी करावी आणि रक्त कोणत्या नळीत द्यावे हे होते; मुलीचे नाव नव्हते.

आजोळची आजी वाहक निघाल्या. मामाही वाहक निघाले. पुरुष वाहकाच्या बाबतीत डाउन सिंड्रोमची जोखीम कमी असली तरी गर्भपात होऊ शकतात, त्यामुळे मामीवर दोन वर्षे चाललेले हार्मोनचे उपचार पुन्हा तपासून पाहण्याचे कारण मिळाले.

मावशीचा प्रश्न कठीण होता. तिच्यासाठी स्थळे पाहणे चालू होते. आजोबांचे म्हणणे, तपासणी लग्नानंतर करू. आधी केली आणि काही निघाले तर सांगावे लागेल, आणि सांगितले तर लग्न जमणार नाही. आईचे म्हणणे, न सांगता दिले तर तिचे माझ्यासारखेच होईल. येथे वैद्यकीय निकड नव्हती, कारण ती गर्भवती नव्हती. तिचे वय अठराच्या पुढे असल्याने निर्णय तिचा होता, आणि तिला तो घरच्यांशिवाय घेता यावा म्हणून फोनवर स्वतंत्र वेळ दिली. तिने माहिती घेतली. तपासणी केलेली नाही.

परिणाम

दुसरे बाळ पूर्ण दिवसांचे आणि निरोगी जन्मले. जन्मानंतर त्याचे कॅरिओटाइप पुन्हा करण्याची गरज नव्हती. तो मुलगा आहे. वाहक असल्याने मोठेपणी, लग्नाच्या वयात, त्याला समुपदेशन लागेल, आणि तोपर्यंत कागद हरवू नये म्हणून अहवालाची प्रत त्याच्या लसीकरण कार्डाच्या पाकिटात ठेवायला सांगितली आहे.

मुलगी आता चार वर्षांची आहे. ती उशिरा, म्हणजे सव्वादोन वर्षांची असताना, चालायला लागली. आता अंगणवाडीत जाते, खिचडीचे ताट स्वतः उचलून ठेवते आणि साधारण तीस शब्द बोलते. कानातील पाण्यावर उपचार झाल्यानंतर शब्द वाढले. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात वाचाउपचार चालू आहेत, थायरॉइडची तपासणी ठरलेल्या वेळी होते. दिव्यांगत्वाचे ओळखपत्र मिळाले असून राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्यासाठी अर्ज केला आहे.

वेगळे काय करता आले असते

मुलीच्या जन्मावेळी जलद चाचणीसोबतच हिरव्या बुचाच्या नळीत एक नमुना कॅरिओटाइपसाठी गेला असता, तर आईच्या जोडाची माहिती दुसऱ्या गर्भारपणाच्या दोन वर्षे आधी मिळाली असती. जलद चाचणी करणे चुकीचे नव्हते. बाळ आजारी असताना दोन-तीन दिवसांत उत्तर मिळणे महत्त्वाचे असते. पण तिच्या अहवालाच्या शेवटी ‘प्रकार समजण्यासाठी कॅरिओटाइप करावा’ अशी ओळ असती आणि ती डिस्चार्ज कार्डावर उतरली असती तर पुढचा गोंधळ टळला असता. काही प्रयोगशाळा अशी ओळ छापतात, सगळ्या छापत नाहीत.

हे आधी कळले असते तर गर्भधारणेपूर्वीचे पर्यायही खुले राहिले असते. प्रयोगशाळेत गर्भधारणा करून भ्रूण तपासून घेण्याची सोय आहे. ती महागडी आहे आणि या कुटुंबाने ती बहुधा निवडली नसती. निदान वारेच्या तपासणीची वेळ तरी त्यांना साधता आली असती. मुलगी शस्त्रक्रियेनंतर दर काही महिन्यांनी कोणत्या ना कोणत्या डॉक्टरपुढे येत होती. पुढच्या मुलाचा विचार आहे का, हे त्या सगळ्या भेटींत आईला कोणी विचारले नाही.

पहिल्या गर्भारपणात हृदय नीट न दिसल्याची ओळ अहवालात असताना दोन आठवड्यांनी सोनोग्राफी पुन्हा व्हायला हवी होती. त्यामुळे स्थानांतराचा शोध लागलाच असता असे नाही, पण प्रसूती हृदयतज्ज्ञ असलेल्या ठिकाणी ठरवता आली असती.

कुटुंबाचा इतिहास स्त्रीला एकटीला विचारण्याची पद्धत वॉर्डात असायला हवी. सासरच्यांसमोर विचारलेल्या गर्भपाताच्या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येणार हे प्रत्येक परिचारिकेला ठाऊक असते, तरीही फॉर्म तसाच भरला जातो.

अहवाल थेट मोबाइलवर पाठवण्यापेक्षा प्रत्यक्ष भेटीत द्यावा, निदान त्यासोबत मराठीत चार ओळी तरी जोडाव्यात, अशी विनंती प्रयोगशाळेला केली आहे. ४५ आणि ४६ हे आकडे उलगडून न सांगता घरात गेले म्हणून सुनेवर दोष आला.

नातेवाइकांच्या पत्राबाबतही पद्धत बदलली आहे. या प्रकरणात आजोळी एकच पत्र गेले आणि ते आजोबांनी उघडले, त्यामुळे मावशीला माहिती मिळाली ती त्यांच्या मतासह. आता प्रत्येक सज्ञान नातेवाइकाच्या नावाने वेगळे बंद पाकीट देतो आणि त्यावर समुपदेशकाचा नंबर व फोन करण्याची वेळ लिहितो.